कोणाचं नाव घेतलंस?

माझी आणि तिची मैत्री झाली ती एका पेढ्यावरून. तो पेढा आम्ही दोघींनीही खाल्ला नव्हता.

जळगावच्या ज्या शाळेत मी नोकरी केली, तिथे दसऱ्याच्या आदल्या दिवशी सरस्वतीपूजन व्हायचं. फळ्यावर रंगीत खडूंनी सरस्वती काढायची, हार घालायचा, आरती म्हणायची आणि मग शिपाई ताट घेऊन स्टाफरूममध्ये फिरायचा. मी नेहमीप्रमाणे पेढा घेतला, कपाळाला लावल्यासारखं केलं आणि बोलता बोलता पर्समधल्या रुमालात सरकवला. वर पाहिलं तर समोरच्या खुर्चीतली बाई माझ्याकडेच बघत होती. ती त्याच वर्षी आमच्या शाळेत आलेली. नशिराबादची, मुसलमान, सातवी-आठवीला विज्ञान शिकवायची. तिचा स्वतःचा पेढा हजेरीपटाखाली होता. एक कोपरा दिसत होता.

"तुम्हाला शुगर आहे का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग?"

मी उठून तासाला निघून गेले. त्या 'मग'मध्ये मला चौकशीचा वास आला होता. पुढचे दोन दिवस मी तिच्या वाऱ्यालाही उभी राहिले नाही. तिनं प्रसाद खाल्ला नाही याचं कोणालाच काही वाटणार नव्हतं, ते सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. पण कुंकू लावणारी, सावद्याकडच्या शेतकरी घरातली मी पेढा लपवते, ही बातमी होती. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी ती स्वतःहून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मी कोणाला सांगितलं नाही हं."

त्यानं माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. का नाही सांगितलं?

आमचं घर तसं चारचौघांसारखंच. केळीची बाग, दोन म्हशी, एक गाय. फक्त आम्ही महानुभाव पंथाचे. नवख्या माणसाला हे सांगताना मी अजून अडखळते. तो आधी विचारतो, "म्हणजे हिंदूच ना?" हो म्हटलं की विचारतो, "मग गणपती का नाही बसवत?" आमचा देव एकच. बाकीच्या देवता आहेत, त्यांच्या त्यांच्या कामाला आहेत, पण त्या मोक्ष देऊ शकत नाहीत. म्हणून त्यांच्यापुढे डोकं टेकायचं नाही आणि त्यांचा प्रसाद पोटात जाऊ द्यायचा नाही. माझ्या आईनं तर गुरूकडून रीतसर उपदेश घेतलेला, आणि ती या बाबतीत फार कडक. गावात मरीमातेचा नैवेद्य घरोघर वाटला जायचा. आई तो दोन्ही हातांनी घ्यायची, आणणारीला बसवून पाणी द्यायची आणि ती बाई गेली की नैवेद्य गाईपुढे ठेवायची. मी सात-आठ वर्षांची असताना शेजारणीला हे सहज सांगून टाकलं. ती शेजारीण सहा महिने आमच्या ओट्यावर चढली नाही. आईनं मला मारलं नाही. एवढंच म्हणाली, "आता कळलं ना तुले, काय बोलायचं नसते ते."

तेव्हापासून मी रुमाल बाळगते.

टाकीपाशी मी तिला हे सगळं सांगितलं नाही. ते पुढे थोडं थोडं, डबा खाताना सांगितलं. ऐकून तिचा चेहरा उजळला. "म्हणजे तुम्ही आमच्यासारखेच की!" मलाही बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं घर ऐकून कोणी तरी 'मग गणपती का नाही?' असं विचारलं नव्हतं. पण त्याच घटकेला मनात आलं, आमच्यासारखेच म्हणजे कुठपर्यंत?

आम्ही जवळ आलो. माझ्यासाठी ती गुरुवारी मुद्दाम वांग्याची भाजी आणायची, वेगळ्या भांड्यात केलेली, आणि "वेगळ्या भांड्यात केली आहे" हे दर गुरुवारी सांगायची. मी दर गुरुवारी "अगं, असू दे" म्हणायची आणि पहिला घास घेण्याआधी भाजीकडे क्षणभर बघायची. तिला ते दिसायचं. ती बोलायची नाही.

स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली. एका वयस्कर बाईंनी मला बाजूला घेतलं. "तुझं तिच्याशी एवढं काय असतं गं? जरा जपून. आधी डबा देतात, मग पुस्तक देतात." मी हसण्यावारी नेलं. आणि पुढच्याच महिन्यात तिनं मला पुस्तक दिलं.

वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली पातळ मराठी पुस्तिका होती. "वाच. आमचा देव कसा एक आहे ते यात सोपं करून लिहिलंय." मी ती घेतली आणि घरी कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. दोन महिने उघडली नाही. पुस्तिका देणारीपेक्षा मला जास्त राग आला होता तो त्या वयस्कर बाईंचं म्हणणं खरं ठरल्याचा. दोन महिन्यांनी तिनं विचारलं, "वाचलीस?" मी खोटं बोलले, "अर्धी." आणि दुसऱ्या दिवशी आमच्या पंथाची एक पुस्तिका तिच्या हातात ठेवली. तिनं ती दोन्ही बाजूंनी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. टाकीपाशी मी तिच्याकडे जसं पाहिलं होतं, अगदी तसंच.

ती माझ्यासारखी नव्हती. तिनं पुस्तिका चार दिवसांत वाचून काढली, पेन्सिलीच्या खुणा करून. शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत ती उघडून बसली.

"हे बघ. पहिल्या पानावर लिहिलंय, परमेश्वर एकच. आणि इथे लिहिलंय की तो पाच वेळा माणसाच्या रूपात आला. मग एक कसा?"

"तोच आला ना पाचही वेळा. एकच."

"जेवला, झोपला, चालला, आजारी पडला?"

"हो. आपल्यासाठी. माणसाला माणसाचीच भाषा कळते ना."

"देव जेवत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज वर्गात असतो तसा झाला होता.

मलाही चेव आला. "तुमच्याकडे त्यानं निरोप पाठवला, आमच्याकडे तो स्वतः आला. यात एवढं काय बिघडलं?"

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "असं बोलू नकोस. माझ्यासमोर तरी नको."

त्यानंतर आम्ही बराच वेळ परीक्षानळ्या मोजून कपाटात लावत होतो. मला वाटत होतं, ही बाई आपल्याला अर्ध्या वाटेवर आलेली समजत होती, आणि आज तिला कळलं की आपण त्या वाटेवर नाहीच. मग लक्षात आलं की मीही तिच्याबद्दल तेच समजत होते.

पुस्तिका परत करायचं आम्ही दोघींनीही टाळलं. पण बोलणं सुटलं नाही, डबेही सुटले नाहीत. फक्त देव हा विषय आम्ही उंबऱ्याबाहेर ठेवला.

मग आई पडली. त्याला आता सात-आठ वर्षं झाली असतील. अंगणात केळीचं पान उचलायला वाकली आणि घसरली. खुब्याचं हाड मोडलं. माझा भाऊ धुळ्याला असतो, म्हणून तिला तिथल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, दोन दिवसांनी सकाळी करू. मी रजा टाकून धुळे गाठलं.

त्या वॉर्डची मुख्य सिस्टर पन्नाशीची, ठेंगणी, साक्री तालुक्यातल्या आदिवासी पाड्यावरची. मिशनच्या शाळेत शिकलेली. गळ्यात बारीक साखळीत क्रॉस. तिच्यासारखी सिस्टर मी आजवर पाहिली नाही. आईला कूस बदलायची असली तर हाक मारायच्या आत हजर. आई ऑपरेशनच्या भीतीनं जेवत नव्हती. हिनं खाली बसून तिला वरणभात भरवला. भाऊ म्हणाला, "देवमाणूस आहे." आई पडल्या पडल्या तिला न्याहाळत होती. ती गेल्यावर मला म्हणाली, "लई गोड बोलते. काबरं?"

"आई, तिचा स्वभाव असेल."

"असंल. तू ध्यान ठेव."

ऑपरेशनच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. पहाटेच्या बसनं माझी मैत्रीण नशिराबादहून निघून धुळ्याला आली. हातात पिशवी, पिशवीत मोसंब्या. आई तिला ओळखत होती. एकदा सावद्याला आमच्या घरी येऊन गेली होती. ती आईला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. ती स्टुलावर टेकली तोच सिस्टर आली. आईला आत न्यायची वेळ झाली होती. वॉर्डबॉय चाकांचा पलंग घेऊन दाराशी थांबला. आई डोळे मिटून आपल्या देवाचं नाम घेत होती. सिस्टरनं आपला हात आईच्या कपाळावर ठेवला, स्वतःचे डोळे मिटले आणि ओठातल्या ओठात काही म्हणू लागली.

आईनं डोळे उघडले.

"कोनाचं नाव घेऊ रायली तू?"

सिस्टर दचकली नाही. "देवाचं, आजी. तुमच्यासाठी प्रार्थना करते आहे."

"कोनत्या देवाचं?"

"देव एकच आहे, आजी."

"ते मले ठाऊक आहे," आई म्हणाली. "त्याचं नाव सांग."

सिस्टरनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग तिनं आपल्या प्रभूचं नाव सांगितलं, शांतपणे, न लाजता.

"हात काढ," आई म्हणाली.

सिस्टरनं हात काढला. आई एवढ्यावर थांबली नाही. डोळे मिटायच्या वेळी, शुद्ध जायच्या वेळी माणसाच्या कानात जे नाव असतं तेच सोबत जातं, अशी तिची श्रद्धा. तिनं पलंगाची कड घट्ट धरली. "हिनं दुसरं नाव घातलं माझ्या डोक्यावर. मी अशी जानार नही आत."

वॉर्डबॉय घड्याळाकडे बघायला लागला. आतून डॉक्टरांचा निरोप आला, उशीर का होतोय. मी आईच्या कानाशी लागून विनवण्या करत होते. मला वाटलं, मैत्रीण आईला समजावेल. ती चांगली बोलते, पोरांना बोलण्यात गुंगवते. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "खाला बरोबर बोलतायत. नाव विचारलंच पाहिजे."

मी तिच्याकडे बघतच राहिले.

"सिस्टर, राग मानू नका," ती पुढे म्हणाली. "तुम्ही ज्यांचं नाव घेतलं त्यांना आम्हीही मानतो. फार मोठे मानतो. पैगंबर म्हणून. पण देवाला मूल कसं असेल?"

सिस्टरचा चेहरा आईनं हात काढायला लावला तेव्हा बदलला नव्हता. तो आता बदलला. "पैगंबर म्हणून मानता, म्हणजे मानत नाही तुम्ही, ताई. माझ्यासाठी जो सर्वस्व आहे त्याला तुम्ही मोठा माणूस म्हणता. त्यापेक्षा या आजी बऱ्या. त्यांनी सरळ हात काढायला लावला."

"ते कोनी साधुपुरुष असतील," आई पडल्या पडल्या म्हणाली. "नही म्हनत नही मी. पन देव नही."

आता सिस्टरनं आईकडेही तसंच पाहिलं.

खोलीच्या कोपऱ्यात फरशी पुसणारी मावशी होती, धुळ्याच्या जवळच्याच खेड्यातली. तिनं फडकं बादलीत पिळलं आणि कंबर सरळ करून म्हणाली, "देव बठ्ठास्ना एकच शे ना, अक्का. कसाले वाद घालतस?"

सगळ्यांचा देव एकच, हे ऐकून तिघीही तिच्याकडे वळल्या. माझी आई, सिस्टर, मैत्रीण. आणि तिघींनीही एकाच वेळी म्हटलं, "एकच आहे, पण..."

तो 'पण' तीन गळ्यांतून एकदम निघाला आणि तिघीही थांबल्या. मावशीनं खांदे उडवले आणि पलंगाखाली फडकं फिरवायला लागली. तिच्या मनगटात तीन रंगांचे दोरे होते, तीन वेगळ्या जागांचे. तिला खरंच कळत नव्हतं, आणि मला तेव्हा तिचा हेवा वाटला. तिच्या घरात चौथा देव आला तर तो तिसऱ्याशेजारी बसेल. या तिघींच्या घरात एकच जागा होती आणि ती भरलेली होती.

शेवटी तोड आईनंच काढली. "मह्या पोरीले दारापर्यंत चालू द्या सोबत. ती नाव घेईल मह्या कानात. बाकी कोनी हात लावायचा नही."

"हात लावल्याशिवाय पलंगावर कसं घेणार, आजी?" सिस्टरनं विचारलं.

"हाडाले लाव. डोक्याले नको."

"बरं. पण प्रार्थना मी करणार. ते तुम्ही थांबवू शकत नाही."

आईनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "कर. दूर उभी राहून कर."

मी पलंगासोबत चालत गेले, वाकून, आईच्या कानात नाव घेत. मागे वळून पाहिलं तर सिस्टर भिंतीशी डोळे मिटून उभी होती आणि माझी मैत्रीण खिडकीपाशी, ओठ हलवत. मला खात्री होती की ती दुवा मागते आहे. आणि त्या वेळी, आई आत जाताना, माझ्या मनात काय आलं असेल? की तिघींपैकी कोणाचं ऐकलं गेलं, हे आता कसं कळणार.

ऑपरेशन नीट झालं. आई दहा दिवस त्या दवाखान्यात होती. सिस्टरनं सेवेत काही कमी केलं नाही, उलट आधीपेक्षा जास्तच जपलं. आणि जितकं ती जास्त जपायची, तितका आईचा संशय वाढायचा. "पानी तूच भरून ठेवत जाय," ती मला सांगायची. "गोळी दिली की पाकिटावरचं नाव वाच." मी वाचायची. गोळ्या गोळ्याच होत्या.

पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी मी गरम पाण्याची बाटली घेऊन येत होते. आई झोपली होती. पलंगाभोवतीचा हिरवा पडदा अर्धा ओढलेला. आत सिस्टर उभी होती, ठरल्याप्रमाणे दोन हात दूर, आणि हळू आवाजात बोलत होती. मी बाहेरच थांबले. चोरून ऐकणं मला शोभत नाही हे कळत होतं, तरी ऐकलं. "या आजींचं हाड लवकर भरून येऊ दे," ती म्हणत होती. "त्यांना चालती कर." मग थोडं थांबून, "आणि त्यांचे डोळे उघड. त्यांना तुझी ओळख पटू दे. त्यांना वाट चुकू देऊ नकोस."

माझं डोकं तापलं. म्हणजे हे होतं तर. वरणभात, कूस बदलणं, सगळ्याच्या मागे हे. ती बाहेर आली, मला पाहून हसली, आणि मी हसले नाही.

आई जागी झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, ती आता भावाला बोलावून दवाखाना बदलायला लावेल. आईनं छताकडे बघत ऐकलं.

"मी बी तेच मागते तिच्यासाठी," ती म्हणाली.

"काय?"

"एवढी गुनाची बाई. लेकीनं करू नही एवढं करते. आन चुकीच्या दारात उभी आहे. रोज सकाळी म्हनते मी, हिले या जन्मात उपदेश भेटू दे." तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मग ती चोर, तर मी कोन?"

मी तिचं पांघरूण सारखं केलं. आई डोळे मिटून म्हणाली, "तरी पानी तूच भरत जाय."

रविवारी मैत्रीण पुन्हा आली. सोमवारपासून मला शाळेत हजर व्हायचं होतं, भाऊ आईपाशी थांबणार होता. संध्याकाळच्या आत घरी पोचायचं म्हणून आम्ही दोघी दुपारच्या एसटीनं निघालो. ती खिडकीशी, मी तिच्या शेजारी. मी तिला पडद्यामागचं सांगितलं, आणि आईचं बोलणंही. ती ऐकत होती. बाहेर कापसाची रानं मागे पडत होती. पारोळा यायच्या आधी कधीतरी मी विचारलं. विचारायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

"तूही माझ्यासाठी असंच मागतेस का?"

ती ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"रोज," ती म्हणाली.

इतक्या गुरुवारांची वांग्याची भाजी, आणि रोज?

"आणि तू?" तिनं विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. दोन महिने साड्यांखाली पडलेल्या तिच्या पुस्तिकेबद्दल बोलले होते तसं, अर्धं. पण बसमध्ये माणूस शेजारी इतकं चिकटून बसलेलं असतं की खोटं बोलता येत नाही. "मागते," मी म्हणाले. "रोज नाही. पण मागते."

"रोज का नाही?"

तिच्या आवाजात दुखावल्यासारखं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती गंमत करत नव्हती. मग तिच्याच ते लक्षात आलं आणि ती हसली, आणि मीही. पण ते हसणं लवकर संपलं. एरंडोलपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती, मी पुढच्या सीटकडे.

त्या वेळात मी काय काय विचार केला ते आजही आठवतं. माझ्या लहानपणी वाटायचं की देव अनेक असल्यामुळे माणसं भांडतात, माझा-तुझा करतात. एक असता तर प्रश्न मिटला असता. पण एकच म्हटल्यावर लगेच पुढचे प्रश्न येतात. तो कोणाशी बोलला? स्वतः आला की कोणाला पाठवलं? शेवटचा शब्द कोणापाशी ठेवून गेला? ज्याच्या घरात अनेक देव, त्याला दुसऱ्याचा देव खोटा ठरवावा लागत नाही. एकाला मानणाऱ्याला मात्र दुसऱ्याचं खरं मानलं की स्वतःचं सोडावं लागतं. आणि सगळ्यात जास्त टोचतं ते आपल्या सर्वस्वाला दुसऱ्यानं आदरानं एक पायरी खाली बसवणं. अगदी परक्यानं नाकारलं तर माणूस हसून सोडतो. जवळचा 'मोठे मानतो' म्हणाला की झोप उडते.

हे सगळं मला पटलं, आणि त्यानं माझा संशय जरासुद्धा कमी झाला नाही. मी तिच्या बाजूला बसून विचार करत होते की रोज ही माझ्यासाठी माझ्या आईचा देव माझ्याकडून काढून घ्यायची विनंती करते. आणि तिच्या लेखी तो माझ्यावर तिनं केलेला सगळ्यात मोठा उपकार आहे. तिचं प्रेम खोटं असतं तर सोपं गेलं असतं.

त्यानंतर काही महिने आमच्यात एक प्रकारची सावधगिरी आली. डबे चालू होते. पण ती खिडकीबाहेर बघत जरा जास्त वेळ गप्प बसली की मला वाटायचं, आता मागते आहे. एकदा मी तसं तिला म्हटलंही. ती चिडली. "स्वेटरचं माप आठवत होते गं मी!" पुढे ते हळूहळू विरलं. संशयाचीही सवय होते.

आई वॉकरवर चालायला लागली, मग काठीवर. आणखी चार-पाच वर्षं जगली. गेली ती सावद्याला, घरात, दुपारी. भावानं धुळ्याच्या सिस्टरला कळवलं. ती दिवाळीला आईला फोन करायची, म्हणून तिचा नंबर त्याच्याकडे होता. तिनं मला फोन केला. खूप रडली. मग थोडं थांबून विचारलं, "आजी शेवटी काही म्हणाल्या का?"

तिला काय विचारायचं आहे ते मला कळलं. शेवटच्या घटकेला आईला काही दिसलं का, कोणाची ओळख पटली का.

"खिडकी लाव, ऊन येतंय, म्हणाली," मी सांगितलं. खरं तेच होतं.

"बरं," सिस्टर म्हणाली. तिची निराशा मला फोनवरही ऐकू आली, आणि तिला ती लपवता आली नाही याबद्दल मला तिच्याविषयी थोडी माया वाटली.

मैत्रीण दुसऱ्या दिवशी आली आणि तीन दिवस राहिली. तोवर ती निवृत्त झाली होती. तिनं भाकरी केल्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी दिलं, माझ्या केसांना तेल लावलं. आमच्या पंथाची माणसं 'दंडवत प्रणाम' म्हणत यायची, तीही मान लववायची. पण माझं लक्ष होतं. शाळेतल्या दुसऱ्या एका शिपायाचे वडील, नशिराबादचेच मुसलमान, वारले होते तेव्हा तिनं त्याला म्हटलं होतं की अल्लाह त्यांना जन्नत देवो. माझ्या आईबद्दल ती तसं काही म्हणत नव्हती. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही आईची पेटी आवरत बसलो होतो. मी विचारलं, "आईसाठी काही मागितलंस?"

तिच्या हातातली साडी तशीच राहिली. "तुझ्यासाठी मागते आहे," ती म्हणाली. "तुला सबुरी मिळावी म्हणून."

"आईसाठी?"

"आजारी होत्या तेव्हा मागितलं. रोज. आता मला मागता येत नाही." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "दुसऱ्या धर्माचं माणूस गेल्यावर त्याच्यासाठी आमच्यात तसं मागत नाहीत. तुला बरं वाटावं म्हणून म्हणू शकले असते. पण तुझ्याशी खोटं बोलायचं नाही मला."

मला वाईट वाटलं, खूप वाटलं. तिच्या अम्मी गेल्या होत्या तेव्हा मी नशिराबादला गेले होते, तिला मिठी मारली होती, आणि मनात काय म्हटलं होतं ते मला आठवलं. ज्ञानाशिवाय गेल्या बिचाऱ्या, पुन्हा जन्ममरणाच्या फेऱ्यात अडकल्या. ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी, पेटीपाशी बसून, सांगितलं.

मला वाटलं, आता उठेल. तिनं फक्त विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तू जाशील म्हणून."

तिनं हातातली साडी गुडघ्यावर पसरली, काठाला काठ लावला, हातानं सुरकुती काढली. जुनी, मऊ पडलेली, जांभळ्या काठाची. "ही मला दे," ती म्हणाली. "गोधडी शिवते."

मी दिली. तिनं ती पिशवीत घातली आणि आम्ही पुढची साडी उचलली. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. तिची भुसावळची बस यायला अजून तासभर होता.